अ‍ॅप्टिट्यूड: वर्षभर वापरून झाल्यावर (आणि एकदा प्रिंटर घालवून बसल्यावर)

अ‍ॅप्टिट्यूड म्हणजे लिनक्समध्ये सॉफ्टवेअर टाकायचं-काढायचं एक टूल, त्याचा हा रिव्ह्यू. आधी थोडं बॅकग्राउंड सांगतो म्हणजे पुढचं कळेल. साताऱ्यात ताईचं टॅक्सचं ऑफिस आहे, तीन कॉम्प्युटर, तिन्ही जुने, आय-थ्री, ८ जीबी रॅम. विंडोज ११ त्यावर जाणार नव्हतंच आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळे २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन मशीनवर डेबियन १२ (विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टम) टाकलं. १२ चं टोपणनाव बुकवर्म, आणि वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. तिसरं ताईने हात लावू दिला नाही, ते बरंच झालं, पुढे कळेल का ते. मी काही सिस्टम अ‍ॅडमिन वगैरे नाही, नोकरी वेगळीच आहे, पण घरात "कॉम्प्युटरचं बघणारा" मीच.

तर हा रिव्ह्यू डेबियनचा नाही, अ‍ॅप्टिट्यूडचा आहे. डेबियनमध्ये पॅकेज (एकेक सॉफ्टवेअर किंवा त्याचा भाग) टाकायला अ‍ॅप्ट असतंच, त्याच्या खाली प्रत्यक्ष बसवणारं डीपीकेजी असतं, आणि अ‍ॅप्टिट्यूड हे त्याच कामाचं दुसरं तोंड, टर्मिनलमध्ये चालणारं, निळ्या पट्टीच्या मेनूचं, बघताक्षणी पंचवीस वर्षं जुनं वाटणारं. वाटणार काय, आहेच, १९९९ पासूनचं आहे. डेबियन ११, १२, १३ तिन्हीत त्याची मूळ आवृत्ती ०.८.१३ च आहे यावरून काय ते समजा. मग वापरायचं कशाला? एकाच कारणासाठी. दोन पॅकेजांचं आपसात पटत नसेल तेव्हा अ‍ॅप्ट हात वर करतं, आणि हे गडी चार वाटा काढून समोर ठेवतं.

पहिली गाठ पडली ती डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवरून. प्रायव्हेट लिमिटेड क्लायंटचं जीएसटी रिटर्न डीएससी म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटशिवाय सही होत नाही, यूएसबी टोकन लागतं, आणि त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर म्हणजे एक जुनी डेब फाइल (डेबियनच्या पॅकेजची फाइल). कंपनीचं नाव घेत नाही. डीपीकेजी ने टाकली तर म्हणे लिब-एसएसएल १.१ ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांना लागणारा सामायिक कोड) पाहिजे. आता डेबियन ११ मध्ये लिब-एसएसएल १.१ होतं, १२ मध्ये काढून टाकलं, फक्त ३ आहे. बरं टाकायचं तर टाकलं गेलं अर्धवट, आणि त्यानंतर मी दुसरं काहीही इन्स्टॉल करायला गेलो की अ‍ॅप्ट अडून बसायचं, "यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस". हा मेसेज ज्याने लिहिला त्याला एकदा भेटायचंय मला. होल्ड केलेलं म्हणजे आहे त्या आवृत्तीवर अडवून ठेवलेलं एकही पॅकेज नव्हतं, अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड केलं तर रिकामं! त्याचा खरा अर्थ एवढाच की "मला जुळवता आलं नाही", पण नवीन माणूस दोन तास होल्ड कुठे लागलाय तेच शोधत बसतो. मी बसलोच होतो.

मग अ‍ॅप्टिट्यूड उघडलं. त्याने पहिला तोडगा दिला: ड्रायव्हरच काढून टाका. रोगापेक्षा औषध जालीम. खाली विचारतं, हा तोडगा मान्य आहे का, वाय, एन, क्यू की प्रश्नचिन्ह. एन दाबला की पुढचा तोडगा. पण इथे पुढचाही काही कामाचा निघाला नाही, कारण जी लायब्ररी कुठल्याच रेपोमध्ये (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यात) नाही ती ते तरी आणणार कुठून. निदान एवढं स्पष्ट दाखवलं की अडलंय ते नेमकं एकाच लायब्ररीवर, बाकी सगळं जागेवर आहे. शेवटी मी डेबियन ११ चा म्हणजे बुलसायचा रेपो जोडला, पण त्याला प्रेफरन्सेसच्या फाइलमध्ये पिन म्हणजे प्राधान्याचा आकडा लावला: बुलसायचं सगळं उणे १ (घ्यायचंच नाही), फक्त लिब-एसएसएल १.१ ला ५०० (नेहमीसारखं). म्हणजे त्या दारातून तेवढा एकच पाहुणा आत येणार. १.१ आणि ३ शेजारी शेजारी सुखाने नांदतात, नावंच वेगळी आहेत त्यांची, त्यामुळे टोकन चालायला लागलं आणि आजही चालतंय. मात्र बुलसायचे एलटीएस (जुन्या आवृत्तीला वाढीव मुदतीत मिळणारे) सिक्युरिटी अपडेट ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतच, त्यानंतर ही लायब्ररी बेवारस, हे डोक्यात ठेवा.

इथेच एक तक्रार नोंदवतो. डाउनलोड केलेली डेब फाइल अ‍ॅप्टिट्यूडला थेट देता येत नाही. अ‍ॅप्टला देता येते, फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावायची आणि इन्स्टॉल म्हणायचं, डिपेंडन्सी (सोबत लागणारी इतर पॅकेजं) पण स्वतः आणतं. एवढी साधी गोष्ट यात नाही म्हणून डोकं फिरतं कधी कधी.

आता प्रिंटरचा किस्सा.

फेब्रुवारी २०२५. एका क्लायंटच्या एक्सेल फाइली लिब्रे ऑफिसमध्ये वेड्यावाकड्या उघडत होत्या, बुकवर्ममध्ये ७.४ होतं, मला नवीन पाहिजे होतं. सरळ मार्ग बॅकपोर्ट्सचा (चालू डेबियनसाठी नवीन आवृत्त्या बनवून ठेवलेला रेपो), तिथे नवीन लिब्रे ऑफिस तयार होतं. पण मी कुठेतरी अर्धवट वाचून ट्रिक्सीची (पुढच्या डेबियन १३ ची) ओळ सोर्सेसमध्ये म्हणजे रेपोंच्या यादीत टाकली, ट्रिक्सी तेव्हा टेस्टिंग म्हणजे अजून तयार होत होतं, आणि पिन लावायची विसरलो. दोन्ही रेपोंना सारखीच ५०० ची प्रायॉरिटी, मग ज्याची आवृत्ती मोठी तो जिंकणार, साहजिकच अख्खी सिस्टम अपग्रेड व्हायला निघाली. ते बघून रद्द केलं एवढी अक्कल शाबूत होती. मग म्हटलं फक्त लिब्रे ऑफिसच मागू.

अ‍ॅप्टिट्यूडचा पहिला तोडगा: काही करू नका, आहे तसंच ठेवा. (हा बऱ्याचदा पहिला असतो, सरकारी ऑफिससारखा.) एन. दुसऱ्यात अर्धं लिब्रे ऑफिस जुनं अर्धं नवं. एन. तिसऱ्यात लिब्रे ऑफिस नवीन, आणि काढायच्या यादीत सात-आठ नावं, प्रत्येकाच्या शेपटीला कोलन आय-३८६. रात्रीचे साडेअकरा. मी म्हटलं हे ३२ बिटचं काय करायचंय आपल्याला ६४ बिट मशीनवर. वाय.

लिब्रे ऑफिस झकास आलं. सकाळी दहाला ताईचा फोन, "अरे तो प्रिंटर काहीच बोलत नाहीये." त्या दिवशी २० तारीख, जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख, आणि तिला चलनं आणि कॉम्प्युटेशन प्रिंट करून द्यायचे होते. ती रागावली नाही, नुसतं म्हणाली, "रात्री तू काहीतरी केलंस ना?" त्यापेक्षा ओरडली असती तर परवडलं असतं. त्या दिवसाचे प्रिंट तिसऱ्या मशीनवरून निघाले, ज्याला तिने मला हात लावू दिला नव्हता.

झालं असं होतं. प्रिंटर जुना, त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिट. तो बसला होता लिब-कप्स-२ या छपाईच्या लायब्ररीच्या आय-३८६ म्हणजे ३२ बिट आवृत्तीवर. आणि नवीन लिब्रे ऑफिसला पाहिजे होतं लिब-कप्स-२-टी-६४. हे टी-६४ काय प्रकरण आहे ते त्यानंतर वाचलं. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटात वेळ मोजणारे आकडे संपतात, म्हणून डेबियनने २०२४ मध्ये वेळ ६४ बिटात नेली आणि जुन्या-नव्या लायब्रऱ्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून शेकडो लायब्रऱ्यांच्या नावाला टी-६४ जोडलं. आपल्या ६४ बिट मशीनवर वेळेचा प्रश्न मुळात नव्हताच, पण नावं सगळीकडे सारखी ठेवायची म्हणून इथेही बदलली. आणि नवीन पॅकेज जुन्याला "ब्रेक्स" म्हणतं, तेही सगळ्या आर्किटेक्चरसाठी. म्हणजे ६४ बिटवर टी-६४ आलं की ३२ बिटचं जुनं लिब-कप्स घराबाहेर, आणि त्याच्या मागोमाग बिचारा ड्रायव्हर. कॉम्प्युटरने काही चुकीचं केलं नव्हतं हो. त्याने यादी दाखवली होती, मी वाचली नाही.

वैताग याचा की उत्तर एका कमांडवर होतं. अ‍ॅप्टिट्यूड व्हाय आणि पुढे पॅकेजचं नाव. मी व्हाय लिब-कप्स-२ कोलन आय-३८६ विचारलं असतं तर एका ओळीत आलं असतं: अमुक प्रिंटर ड्रायव्हर, डिपेंड्स, हे. बस्स. दोन सेकंद. याच्या उलट व्हाय-नॉट, म्हणजे हे पॅकेज का येऊ शकत नाही, कोण आडवं पडलंय, त्याची साखळी दाखवतं. माझ्या मते अख्ख्या प्रोग्रॅममधली सगळ्यात भारी चीज या दोन कमांडा आहेत, बाकीचं ठीकठाक.

निस्तरलं कसं, तर दुपारी जाऊन आधी व्हार-लॉग मधली अ‍ॅप्टिट्यूडची फाइल बघितली, त्यात काय काय काढलं आणि कशामुळे ते सगळं ओळीने लिहिलेलं असतं. मग टाइमशिफ्टचा (सिस्टमची प्रत काढून ठेवणारं टूल) आदल्या आठवड्याचा स्नॅपशॉट होता तो रिस्टोर केला, अर्धा-पाऊण तास गेला, डॉक्युमेंट होम फोल्डरमध्ये असल्याने त्यांना धक्का नाही. ओळीने मागे जायचं म्हणजे १००० च्या वर पिन लावून सगळं डाउनग्रेड, तोही एक मार्ग सांगतात लोक, पण लिब-सी (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमांच्या बुडाशी असलेली लायब्ररी) सकट पुढे गेलेली सिस्टम मागे ओढायची म्हणजे धरलं तर चावतं सोडलं तर पळतं, आणि डेबियन स्वतःच डाउनग्रेडला सपोर्ट करत नाही. त्या भानगडीत पडलो नाही. ट्रिक्सीची ओळ काढली, लिब्रे ऑफिस बॅकपोर्ट्समधून घेतलं. बॅकपोर्ट्सची प्रायॉरिटी मुळातच १०० असते, त्यामुळे मागितल्याशिवाय तिथलं काही आत येत नाही.

घरी माझ्या लॅपटॉपवर तोच सीन परत उभा करून बघितला, मायनस एस लावून, म्हणजे नुसतं नाटक, प्रत्यक्ष काही होत नाही. पाचवा तोडगा असा होता की ३२ बिटवालं लिब-कप्स पण टी-६४ वर न्यायचं आणि ड्रायव्हर आहे तिथेच राहणार! कारण नवीन पॅकेज "प्रोव्हाइड्स" मध्ये जुनं नाव पण सांगतं. अजून दोनदा एन दाबला असता तर प्रिंटर वाचला असता. दोनदा!

तोडगे कुठल्या क्रमाने येतात ते गुण लावून ठरतं, आणि ते गुण तुमच्या गरजेशी जुळतीलच असं नाही. लग्नाच्या पंगतीत कोणाशेजारी कोण बसणार नाही हे जुळवताना जसं होतं ना, चारशे पाहुण्यांचं सगळं जमतं आणि एका मावसआजोबांपायी अख्खी रांग उठवावी लागते, तसंच आहे हे. गणितवाले या प्रश्नाला एनपी-कम्प्लीट म्हणतात, म्हणजे सगळ्या केसेसमध्ये झटपट उत्तर देणारी युक्ती कोणाकडेच नाही. ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्सने २००८ मध्येच यासाठी सॅट सॉल्व्हर (अटी जुळवून उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) आणला, फेडोरा या आणखी एका लिनक्सचं डीएनएफ (तिथला पॅकेज मॅनेजर) पण त्याच्याच लायब्ररीवर चालतं. अ‍ॅप्टिट्यूडची पद्धत वेगळी आणि मोठ्या गुंत्यात रडकी. खाली आकडे पळत राहतात, ओपन इतके, क्लोज्ड इतके, कॉन्फ्लिक्ट इतके, एकदा दहा मिनिटं नुसते आकडेच बघत बसलो आणि कंट्रोल-सी मारलं.

म्हणून डेबियन १२ वरून १३ वर जाताना हे वापरू नका. ९ ऑगस्ट २०२५ ला १३ आलं, मी सप्टेंबरमध्ये गेलो, साध्या अ‍ॅप्टने. एकेकाळी डेबियनच्या रिलीज नोट्स मोठ्या अपग्रेडला अ‍ॅप्टिट्यूडच वापरा म्हणायच्या, नंतर त्यांनीच सांगितलं नका वापरू. जाण्याआधी अ‍ॅप्ट लिस्ट आणि पुढे टिल्डे ओ एवढं मात्र करा, कुठल्याच रेपोत नसलेली पॅकेजं दिसतात, माझ्याकडे तेच दोघे, टोकन ड्रायव्हर आणि प्रिंटर ड्रायव्हर. दोघेही तरले. १३ पासून आय-३८६ वर स्वतंत्र इन्स्टॉल बंद झालंय, पण ६४ बिटवर सोबतीला ३२ बिट लायब्रऱ्या अजून चालतात, त्याच्यावरच आमचा प्रिंटर जगतोय.

१३ मधलं अ‍ॅप्ट ३.० बरंच सुधारलंय हे पण प्रामाणिकपणे सांगतो. काढायची नावं लाल, नवीन हिरवी, रकान्यात मांडलेली, त्या रात्री ते सात-आठ आय-३८६ लाल दिसले असते तर कदाचित थांबलो असतो. नवीन सॉल्व्हरही आहे, मायनस मायनस सॉल्व्हर ३.० लिहून वापरता येतो. त्यामुळे अ‍ॅप्टिट्यूडची गरज कमी झालीये. मी आता इन्स्टॉल, अपडेट सगळं अ‍ॅप्टने करतो आणि अडलं की व्हाय विचारायला अ‍ॅप्टिट्यूड उघडतो. अजून एक सवय बघून घ्या त्याची: तुम्ही एक पॅकेज टाकायला जाता आणि ते जाता जाता नको असलेली काढायला घेतं, नावापुढे महिरपी कंसात यू असतो, म्हणजे अनयूज्ड. बऱ्याचदा बरोबर असतं. मी तरी प्रत्येक यू वाचतो आता.

एक मान्य करायला पाहिजे, फारच घातक काही करायला गेलात तर हे वाय वर ऐकत नाही, "आय अ‍ॅम अवेअर दॅट धिस इज अ व्हेरी बॅड आयडिया" हे पूर्ण वाक्य टाइप करायला लावतं. अ‍ॅप्टचं तसंच वाक्य होतं, "येस, डू अ‍ॅज आय से", आणि २०२१ मध्ये एका मोठ्या यूट्यूबरने स्टीम टाकताना ते खरोखर टाइप करून डेस्कटॉपच उडवला होता, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. माझ्यावर ती वेळ आली नाही. माझा प्रिंटर "एसेन्शियल" मध्ये मोडत नव्हता.

 

मार्क द्यायचेच तर व्हाय आणि व्हाय-नॉटला पाचपैकी पाच, तोडगे सुचवण्याला तीन, वेगाला दीड. आणि हो, अ‍ॅक्शन्स मेनूत माइनस्वीपर आहे, खोटं नाही सांगत, पॅकेज मॅनेजरमध्ये. ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या पोराने शोधून काढलं. मधल्या सुट्टीत खेळतो, ताईला वाटतं काहीतरी अपडेट चाललंय.