पेशींच्या इजेचा स्लाइड-संच: काही महिने वापरल्यानंतर

इजा झालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणाऱ्या या संचातल्या हृदयाच्या स्नायूच्या चार स्लाइड मी सगळ्यात जास्त वापरल्या, आणि घेण्यासारखं खरं तर त्यातच आहे. रक्तपुरवठा तुटला की २० ते ४० मिनिटांत हृदयाच्या पेशी वाचण्यापलीकडे जातात. पण पहिल्या काही तासांची स्लाइड लावली, तर सगळं जवळपास ठणठणीत दिसतं! पेशी मेली आहे, फक्त मेल्याची खूण अजून उमटलेली नाही. तिचं आवरण फाटून ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन रक्तात झिरपतं, म्हणून तपासणीत ते का शोधतात हे मला या स्लाइडपाशी नीट उमगलं. दुसऱ्या स्लाइडवर तंतू भडक गुलाबी, केंद्रकं आक्रसलेली, मधून न्यूट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) घुसलेले. तिसरीत मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी मलबा उचलतायत, चौथीत नुसता व्रण. चारही लागोपाठ पाहाव्यात.

मूत्रपिंडाची स्लाइडही सुरेख आहे. वस्ती उठून गेली तरी भिंती उभ्या राहाव्यात तशा नलिकांच्या कडा शाबूत, पण केंद्रकं गायब. पेशीला विरघळवणारी एन्झाइमंही निकामी झाल्यामुळे सांगाडा टिकतो. क्षयाच्या गाठीत लँगहान्स पेशी (अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी) चटकन सापडतात, कडेला नालेसारखी मांडलेली केंद्रकं दिसली की झालं. चरबी साठलेल्या यकृतात पांढरी गोल भोकं दिसतात, कारण स्लाइड तयार करताना चरबी अल्कोहोल आणि झायलीन या द्रावकांमध्ये धुऊन जाते. मेंदूची स्लाइड ठीकठाक.

अपोप्टोसिसच्या, म्हणजे पेशीने स्वतःच घडवून आणलेल्या मृत्यूच्या, स्लाइडने मात्र निराशा केली. केर, वायली आणि करी या संशोधकांनी १९७२ मध्ये नाव दिलेला हा मृत्यू एकेकट्या पेशीचा, भोवती दाहाचा मागमूस नाही. अशा वेळी नेमकं कुठे पाहायचं याची खूण काचेवर हवीच होती.

सर्वात मोठी तक्रार रंगाची. दोन-तीन स्लाइडवर हिमॅटॉक्सिलिन, म्हणजे केंद्रकांना निळा-जांभळा करणारा रंग, फिकं पडलंय. इथे ते परवडतच नाही, कारण केंद्रक विरघळलंय की रंगच उतरलाय हे ठरवता येत नाही. मी शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रकं आधी पाहतो, तीही फिकी असतील तर ती स्लाइड बाजूला. लेबलवर अवयव आणि निदान आहे, इजेनंतर किती वेळ गेला ते नाही. हृदयाच्या स्लाइडवर तरी ते छापायलाच हवं.

संच उजेडात उघडा ठेवू नका, रंग आणखी लवकर उतरतो.