होम थिएटर जोडायला आला आणि १६,६५८ रुपये घेऊन गेला

व्हिजिट चार्ज ४९९. 'गोल्ड एचडीएमआय केबल' (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी) ३,८००. 'ऑडिओ डिकोडर' ६,५००. 'डॉल्बी अ‍ॅक्टिव्हेशन' (म्हणे थिएटरसारखा चहूबाजूंचा आवाज सुरू करणं) २,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ३,४९९. एकूण १६,६५८ रुपये. आणि यातून प्रत्यक्षात झालेलं काम एकच: टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये 'टीव्ही स्पीकर' होतं, तिथे 'एचडीएमआय एआरसी' केलं, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच होम थिएटरकडे वळवला. रिमोटची चार बटणं.

टीव्ही नवा, होम थिएटर जुनंच पण चांगलं, केबलचा एचडी सेट-टॉप बॉक्स. टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने तो भिंतीवर लावला, बॉक्स जोडला आणि होम थिएटर आमच्या कामात येत नाही म्हणून निघून गेला. आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, टीव्हीच्या स्पीकरमधलं बोलणं कळत नाही. आवाज वाढवला की नुसता गोंगाट वाढतो. त्यामुळे घाई होती. ह्यांनी केबल लावून पाहिली, आवाज टीव्हीतूनच येत राहिला. मग मी होम थिएटरच्या कंपनीच्या नावाने इंटरनेटवर सर्व्हिस सेंटरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर आलेला लावला. पुढचं सांगायला नको. असे बनावट नंबर कसे वर येतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण समोरचा माणूस कंपनीचं नाव घेऊन फोन उचलतो, तक्रार क्रमांक देतो, मेसेज पाठवतो, तेव्हा संशय कोणाला येणार?

आलेला माणूस कंपनीचा लोगो असलेला टी-शर्ट घालून, गळ्यात आयकार्ड लटकवून आला. बोलणं 'ताई, ताई' करत. आधी ४९९ घेतले, मग टीव्हीमागे डोकं घातलं. आमची केबल जुन्या व्हर्जनची आहे, त्यातून डॉल्बी जात नाही म्हणाला. साफ खोटं. एआरसी २००९ पासून, म्हणजे एचडीएमआय १.४ पासून आहे, आणि आमची साधी हाय स्पीड केबल त्याला पुरेशी होती. सोन्याचा मुलामा गंज लागू नये म्हणून असतो, त्याने आवाज सुधारत नाही. आणि खरी एचडीएमआय २.१ या नव्या व्हर्जनची केबल असेल तर तिच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ह्याची केबल नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत होती.

आता तो क्षण, जो माझ्या डोक्यातून जात नाही. त्याने नवी केबल लावली, 'डिकोडर' म्हणून आणलेला काळा डबा शेल्फवर ठेवला आणि 'सॉफ्टवेअर बघतो' म्हणत टीव्हीचा रिमोट हातात घेतला. माझ्याकडे पाठ होती. दोन मिनिटांत होम थिएटरमधून आवाज सुरू झाला. आणि त्या वेळी त्या डिकोडरचा अ‍ॅडॅप्टर अजून सोफ्यावर पडला होता, सील न फोडलेल्या पाकिटात! डब्याला वीजच नव्हती. मी ते पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, बोललेसुद्धा, "आवाज तर आला की." त्यावर तो इतक्या शांतपणे म्हणाला, "ताई, हा डायरेक्ट लाइनचा आवाज आहे. डिकोडरशिवाय चालवलात तर महिन्याभरात टीव्हीचा मदरबोर्ड जाईल आणि ते वॉरंटीत बसत नाही." नवाकोरा टीव्ही समोर असताना कोणीही घाबरलं असतं. ह्यांची ड्युटी होती, फोन लागत नव्हता, घरात मी आणि अण्णा. विचारायचं कोणाला?

एआरसी केबलने कुठलाच मदरबोर्ड जात नाही. ती वाट त्यासाठीच दिलेली आहे.

'डॉल्बी अ‍ॅक्टिव्हेशन' म्हणजे त्याने होम थिएटरच्या रिमोटवरचं साउंड मोडचं बटण दाबून सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज सोडला. अण्णा खूश झाले, तेवढ्यात बिल झालं. डॉल्बीचे परवान्याचे पैसे उपकरण बनवणारी कंपनी भरते, आपल्याकडे येऊन कोणी मागू शकत नाही. शिवाय केबलवर बरेचसे चॅनल स्टिरिओच, म्हणजे डाव्या-उजव्या दोनच आवाजांचे असतात, त्यांना ५.१, म्हणजे सहा स्पीकरांचा वेगवेगळा आवाज, कुठलाही डबा आणून देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात भाचा आला. त्याने डिकोडरचं स्टिकर नखाने उचकटलं. खाली छापलेलं होतं: एचडीएमआय स्प्लिटर. एक सिग्नल दोन टीव्हींना द्यायची वस्तू, सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये अडकवून ठेवलेली. तो काढून टाकला, आमची जुनी केबल परत लावली, आवाजात काडीचा फरक पडला नाही.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. कंपनीने कानावर हात ठेवले: नंबर आमचा नाही, माणूस आमचा नाही, ईमेल करा. ईमेल केलं तर तक्रार 'निकाली' म्हणून बंद. अहो, तुमच्या नावाने, तुमचा लोगो छातीवर लावून लोक घरात घुसतायत, त्याचं तुम्हाला काहीच नाही? बँक म्हणाली, पैसे देताना पिन तुम्ही स्वतः टाकलात. पोलीस चौकीत साहेबांनी बिल हातातही घेतलं नाही. "वस्तू मिळाली ना? आवाज येतोय ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." सायबरच्या टेबलवर पाठवलं, तिथे म्हणे ओटीपी गेलेला नाही, म्हणजे हे आमच्याकडे येत नाही. अण्णांना घेऊन गेले होते, एका म्हाताऱ्या माणसाला बाकड्यावर तासन्‌तास बसवून ठेवलं. खोटं ओळखपत्र घालून दुसऱ्याच्या नावाने पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, कलम ३१८ आणि ३१९. हे मी त्यांना सांगायचं? आणि सांगितल्यावर "मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका" ऐकून घ्यायचं? ग्राहक आयोगात जायला माझी ना नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. पण नोटीस पाठवायची कुठल्या पत्त्यावर? बिलावरच्या पत्त्यावर त्या नावाची इमारतच नाही. तो माणूस शोधणं पोलिसांचंच काम आहे.

बिलावरचा जीएसटी क्रमांक आधी मोजा. १५ अक्षरं-आकडे लागतात, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर लगेच तपासता येतो. माझ्या बिलावर तेराच होते. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी कोणा व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. 'आमच्या मॅनेजरचं खातं आहे' हे ऐकून घेऊ नका. सर्व्हिसचा नंबर फक्त वॉरंटी कार्डावरचा किंवा वस्तूच्या मागच्या स्टिकरवरचा.

आणि आवाज येत नसेल तर कोणाला बोलावण्याआधी टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय तिथून केबल होम थिएटरच्या एचडीएमआय आउटमध्ये घाला. बऱ्याच टीव्हींवर असं पोर्ट एकच असतं. मग सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेली उपकरणं एकमेकांना चालवतात ती सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. साउंड आउटपुट बदला. तरी गप्प असेल तर डिजिटल ऑडिओ 'पीसीएम'वर, म्हणजे डॉल्बीशिवायच्या साध्या आवाजावर, टाकून बघा. होम थिएटरला एचडीएमआय नसेल तर ऑप्टिकलची केबल. यातल्या कशालाच डिकोडर लागत नाही.

पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करा. चौकीत तोंडी काही सांगू नका, अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. मला ती पोच मागूनही दिली नव्हती. शेवटी मी अर्ज वरिष्ठांच्या कार्यालयात रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलाय, स्टिकर आणि बिलाच्या फोटोंसकट. तो नंबर आजही शोधल्यावर सगळ्यात वर येतो. ज्यांच्या घरी असा 'डिकोडर' बसलाय त्यांनी त्याचं स्टिकर उचकटून बघा, आणि खाली स्प्लिटर निघाला तर तुमचाही अर्ज द्या.