‘मेंदूचं वय’ कमी करून देणारं ९० दिवसांचं पॅकेज

सुरुवात बहुतेक वेळा ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात होते. व्याख्यान मोफत, चहा-बिस्किटं मोफत, विषय ‘विसरभोळेपणावर मात’. बोलणारी व्यक्ती ‘ब्रेन वेलनेस कोच’. पहिली वीस मिनिटं जे सांगतात ते जवळजवळ सगळं खरं असतं, आणि माणूस अडकतो तो त्यामुळेच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल पडद्यावर येतो: बदलता येण्याजोगे १४ धोके आवरले तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टाळता किंवा लांबवता येईल. मग फिनलंडचा ‘फिंगर’ प्रयोग येतो: ६० ते ७७ वयाची १,२६० माणसं, दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचे सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष. २०१५ साली छापलेला हा प्रयोग खरा आहे, चांगलाही आहे.

दोन गोष्टी मात्र पडद्यावर येत नाहीत. एक, आयोगाच्या त्या १४ धोक्यांत पावडरचा डबा विकून भागेल असा एकही नाही. ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, नजर अधू होणं, तंबाखूचा धूर, एकटेपणा अशी ती यादी आहे. दोन, फिनलंडमध्ये ज्या गटाला फक्त नेहमीचा आरोग्यसल्ला दिला होता, त्याचेही चाचणीतले गुण वाढले. आहार-व्यायामाच्या गटाचे थोडे जास्त वाढले, एवढाच फरक. काही विशेष न करताही गुण का वाढले, हे ज्याला कळलं त्याला या धंद्याची किल्ली सापडली.

व्याख्यानानंतर ‘मोफत ब्रेन स्क्रीनिंग’. कागद एक पानी: घड्याळ काढा, ठोकळा काढा, शंभरातून सात वजा करत जा, पाच शब्द लक्षात ठेवा. हे सहसा मॉन्ट्रियलच्या ‘मोका’ चाचणीचं उचललेलं रूप असतं. मूळ चाचणी ३० गुणांची, २६ किंवा जास्त म्हणजे ठीक, बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्यांना एक गुण वाढवून. ती घेण्यासाठी प्रशिक्षण लागतं, खोली शांत लागते. सभागृहात पंखे घरघरतात, मागे कपबशा वाजतात. ज्याला आधीच ऐकू कमी येतं त्याने ‘पेरू’चं ‘फेरी’ ऐकलं, तर पाच मिनिटांनी त्याला ‘पेरू’ आठवणार कुठून? चष्मा घरी राहिलेल्याचा ठोकळा वाकडा येतो. गुण पडतात २१, आणि शेजारच्या टेबलावर ‘तुमच्या मेंदूचं वय ७९’ असा रंगीत कागद छापून मिळतो. मोका चाचणीत मेंदूचं वय असं काही नसतंच. तो आकडा कोचच्या ॲपमधला.

काही ठिकाणी याच्या जोडीला ‘क्वांटम ॲनालायझर’ असतो. हातात धातूची कांडी धरायची, मिनिटभराने पानंच्या पानं अहवाल: मेंदूचा रक्तपुरवठा, स्मरणशक्तीचा निर्देशांक, जस्त, सेलेनियम. रक्ताचा थेंबही न घेता. नाव, वय, उंची, वजन आधी टाकून घेतात. पारखायची सोपी युक्ती आहे: त्याच माणसाला वय पंधरा वर्षांनी कमी सांगून पुन्हा कांडी धरायला द्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. कोच सहसा दुसऱ्यांदा करू देत नाही, ‘यंत्र गरम झालंय’ म्हणतो.

आता पॅकेज. ९० दिवस, आठवड्याला एक फोन, एक व्हॉट्सॲप ग्रुप, ‘हॅबिट ट्रॅकर’ आणि तीन डबे. किंमत समजा ३९,९९९. त्यात कोचच्या वेळेची किंमत किती आणि डब्यांची किती, हे विचारलं की उत्तर गुळमुळीत येतं, कारण पैसा डब्यांत आहे. बऱ्याच गावांत वेलनेस कोच म्हणजे एखाद्या साखळी विक्री कंपनीचा वितरकच असतो. सकाळच्या ‘नाश्ता क्लब’मध्ये शेक पाजणाऱ्यानेच बोर्डावर ‘ब्रेन’ हा शब्द वाढवलेला असतो. दुसऱ्या महिन्यात ‘काकू, तुमच्यात एवढा बदल झालाय, तुम्हीही कोच व्हा’ असा फोन आला की समजा. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार विक्रेता म्हणून जोडून घेण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. म्हणून ती ‘ट्रेनिंग किट’ नावाने मागतात. तेही चालत नाही.

तिसाव्या दिवशी पुन्हा चाचणी. गुण २४. नव्वदाव्या दिवशी २७. ग्रुपवर फुलांचे गुच्छ, टाळ्या, ‘मेंदूचं वय ९ वर्षांनी कमी’ असं प्रमाणपत्र. घरच्यांनाही पटतं, कारण बाबा खरोखर टवटवीत दिसतात. पण कागद नीट पाहा. घड्याळात तेच ‘अकरा वाजून दहा मिनिटं’, तोच ठोकळा, तेच पाच शब्द. पहिल्या दिवसाचे ते शब्द आजोबांना दळण टाकायला जातानाही पाठ असतात. त्याचं कारण एवढंच, की तेच शब्द त्यांना पुन्हापुन्हा विचारले गेले. याला सरावाचा परिणाम म्हणतात, आणि तो टाळण्यासाठीच मोकाचे एकाहून जास्त नमुने काढलेले आहेत. वेगळा नमुना, शांत खोली, तीच वेळ, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून, असं केलं तरच दोन आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ. तरीही दोन-तीन गुणांची हालचाल झोप आणि मूड यांनीसुद्धा होते.

टवटवी मात्र खोटी नसते. तीन महिने रोज चालणं झालं, आठवड्याला कुणीतरी आपुलकीने ‘जेवलात का, झोपलात का’ विचारलं, रात्रीची मालिका बंद होऊन झोप लवकर लागली. बरं वाटणारच. श्रेय मात्र डब्याला जातं, आणि चौथ्या महिन्यात नूतनीकरण डब्याचं होतं. चालायचं कुणीच नूतनीकरण करत नाही.

डब्यांत असतं काय? जिन्को या झाडाच्या पानांचा अर्क, ब्राह्मी, अश्वगंधा, ओमेगा-३, बी-कॉम्प्लेक्स, कधी ‘लायन्स मेन’ नावाची अळंबी. जिन्कोची मोठी अमेरिकन चाचणी २००८ मध्ये छापली गेली: ७५ वर्षं आणि पुढची ३,०६९ माणसं, रोज १२० मिलिग्रॅम दोनदा. डिमेन्शिया कमी झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या मार्गदर्शनात बी आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगा-३ सारखी स्निग्धाम्लं किंवा मिश्र पूरकं स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी सुचवू नयेत असं म्हटलं आहे. वाया गेलेले पैसे एकवेळ सोडून देता येतात, शरीराला होणारी इजा नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना जिन्को घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वर नेऊ शकते, यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ‘केस, त्वचा आणि मेंदू’ अशा गोळ्यांत बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व ५ ते १० मिलिग्रॅम असतं. त्याने काही प्रयोगशाळांमधल्या थायरॉइड चाचण्यांचे आकडे चक्क खोटे येतात, टीएसएच हा थायरॉइडचा मुख्य आकडा असतो त्याहून कमी दिसतो. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

सगळ्यात महाग पडते ती निघून गेलेली वेळ. विसरायला होतं म्हणून आलेल्या माणसाचं आधी बी-१२ आणि टीएसएच बघायला हवं, ऐकण्याची चाचणी हवी, चालू गोळ्यांची यादी तपासायला हवी. शाकाहारी घरांत, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, बी-१२ कमी असणं नेहमीचं. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उपचार स्वस्त आहेत, पण उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. आणि इथे कोचचा डबा दुहेरी घात करतो: आधी बी-१२ ची गोळी सुरू होते, मग तपासणी, आणि कागदावर पातळी छान दिसते. मूळ कमतरता कशाने आली हे कुणी शोधत नाही. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठीचं अल्प्राझोलम यांनीही म्हाताऱ्या माणसाची स्मृती धूसर होते. अशी गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी केली की काही जण सुधारतात. हे करण्याचा अधिकार कोचला नाही, आणि प्रामाणिक कोच तसं स्वतःच सांगतो.

प्रामाणिक कोच असतातही. भारतात ‘वेलनेस कोच’ या नावाला परवाना नाही, कुणीही लावावं. म्हणून नावापुढचं ‘डॉ.’ महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का, ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक आहे का, ते पाहायचं. सन्माननीय डॉक्टरेट चालत नाही. चांगला कोच काही विकत नाही, निदान करत नाही, पहिली भेट पाऊण तासाची घेतो आणि त्यातली अर्धी तुमचा दिवस ऐकण्यात घालवतो. ठरवलेलं काम छोटं असतं: आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, पण सुरुवात जेवणानंतरच्या दहा मिनिटांनी, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापड मोजून, रक्तदाब घरी, पाच मिनिटं शांत बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा, वहीत. प्रगती तो वहीत बघतो, मेंदूच्या वयात नाही.

पैसे भरताना जे होतं ते फोनवर होतं. ‘काका, फोन द्या, मी करून देतो.’ दोन गोष्टी घडलेल्या असू शकतात. यूपीआय ऑटोपे, म्हणजे ठरल्या तारखेला आपोआप पैसे कापले जाण्याची परवानगी, लावलेला असतो. तो ॲपच्या मँडेट किंवा ऑटोपे विभागात दिसतो आणि तिथूनच रद्द होतो. किंवा ‘सोपे हप्ते’ म्हणून तुमच्या नावावर कर्ज निघालेलं असतं. कोच गायब झाला तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकवला तर सिबिल बिघडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी डिजिटल कर्जाला किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या काळाचं व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येतं. घरी येताच कर्जाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य अटींचं पत्रक, उघडून मुदत किती ते वाचा.

मुदत टळली असेल तर पहिला फोन १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. खोटी लिंक किंवा ओटीपीने पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३०. ‘एकदा भरलेले पैसे परत नाहीत’ हे वाक्य पावतीवर छापलं म्हणून कायदा होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवा बंद करून पैसे परत न देणं, बिल न देणं आणि विश्वासाने दिलेली खासगी माहिती इतरांना दाखवणं, तिन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. तिसरी महत्त्वाची, कारण आईचा रिपोर्ट आणि फोटो ‘आमचं यश’ म्हणून ग्रुपवर फिरत असतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावर आणि तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. मेंदूचा विकार बरा करतो अशा औषधाची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यातच बसते, त्यामुळे पत्रकाचा फोटो अन्न व औषध प्रशासनाकडेही पाठवा.

पुरावा म्हणून ग्रुप सोडण्याआधी चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून घ्या. तिन्ही चाचण्यांचे कागद मागून घ्या. शब्द तेच आहेत हे शेजारी ठेवल्यावर आयोगालाही दिसतं. उरलेले डबे फेकू नका. एक न उघडलेला तसाच ठेवा, चौदा आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, बॅच क्रमांक आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ ही बारीक ओळ यांचा स्वच्छ उजेडात फोटो काढा. उघडलेला डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस, दिवसाला किती चमचे, ते सांगा.