अंगावर पाजायला शिकवणाऱ्या मराठी चित्रफिती: आयआयटी मुंबईच्या मालिकेचे परीक्षण

बाळंतिणीला दूध पुरत नाही, असे घरात एकदा कुणी म्हटले की आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी आणि तरीही बाळ रडतच राहिले तर पावडरचा डबा, हा क्रम ठरलेलाच असतो. बाळाने स्तन नीट धरला आहे का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील स्तनपानाच्या चित्रफिती नेमके तेच पाहायला शिकवतात. त्या विनामूल्य असून मराठीतही आहेत, आणि धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात आम्ही दोघींनी त्या पुन्हापुन्हा पाहिल्या.

त्यांतील ‘क्रॉस क्रेडल होल्ड’चा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या बाजूला पाजायचे त्याच्या विरुद्ध हाताने बाळाला धरायचे, त्याचे पोट आईच्या पोटाला टेकवायचे, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत ठेवायची, हे सारे सावकाश दाखवले आहे. वडापाव आपण ओठांना समांतर धरून खातो, तसाच स्तनही बाळाच्या ओठांना समांतर दाबून धरावा, हे त्यातले उदाहरण तर कोणत्याही आजीला लगेच पटेल. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनात रुतलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने अधिक तोंडात गेलेला असावा. बाळ नुसते स्तनाग्र चोखत राहिले तर भेगा पडतात, स्तन रिकामा होत नाही, आणि तो रिकामा झाला नाही की दूध तयार होणेही कमी होते; वरचे दूध सुरू केल्याने ही घट आणखी वाढते.

बहिणीला भेगा पडल्याच होत्या. पकड सुधारल्यावर तिच्या वेदना उतरल्या आणि बाळाचा घोट गिळण्याचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही ऐकू येऊ लागला.

अर्थात, चित्रफितीला आपला चुकलेला हात दिसत नाही. आम्हाला एकदा स्तनपान समुपदेशक घरी बोलवावी लागली, आणि स्तनात गाठ, लाली किंवा ताप असेल तर डॉक्टरांकडेच जायला हवे. निवेदनाची भाषा काही ठिकाणी पुस्तकी आहे, ती अधिक घरगुती असती तर बरे झाले असते.

नोकरी करणाऱ्या आईने हाताने दूध काढण्याचा आणि ते साठवण्याचा भाग आवर्जून पाहावा. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली, तरी स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवण्याची शिफारस आहे, म्हणजे रजा संपल्यावरही बराच काळ उरतो. हाताने काढता येऊ लागले की महागडा पंप घेतलाच पाहिजे असे नाही.

या चित्रफिती आठव्या-नवव्या महिन्यातच, आई किंवा सासूबाईंना सोबत घेऊन पाहाव्यात. बाळ आल्यावर दोन्ही हात गुंतलेले असतात आणि पकड बघून सांगायला शेजारी कुणी जाणते माणूस लागते.