टॅबलेट एकाच्याच हातात

‘द लास्ट डान्स’ ही बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनवरची माहितीपट मालिका परवा तिसऱ्यांदा पाहिली. दहाच्या दहा भाग. पहिल्यांदा पाहिली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, आणि तेव्हा नुसती हरखून गेले होते. सांगलीत शाळेच्या बास्केटबॉल संघात मी जॉर्डनच्या २३ नंबरच्या शर्टासाठी मैत्रिणीशी भांडलेली मुलगी. पेपरात मायकेल जॉर्डनचा फोटो आला की कापून वहीत चिकटवायचे. त्याच्या शिकागो बुल्स संघाच्या १९९७-९८ च्या मोसमाचं, सरावातलं, बसमधलं, ड्रेसिंग रूममधलं चित्रण बघायला मिळतंय म्हटल्यावर जेवायचीही शुद्ध नव्हती.

या वेळी पाहिली ती संकलकाच्या नजरेनं. पोटासाठी मी हेच काम करते, गेली अठरा वर्षं.

कारागिरी अव्वल आहे, यात वाद नाही. १९९८ मधून मागे जायचं, पुन्हा पुढे यायचं, आणि धागा कुठेही तुटत नाही. सातव्या भागाच्या शेवटी जॉर्डन सहकाऱ्यांना किती कठोरपणे वागवलं ते सांगता सांगता भरून येतो, ‘ब्रेक’ म्हणतो आणि उठतो. तो शॉट मी दहादा मागे घेऊन पाहिला. आधी सहकाऱ्यांचा छळ, मग लगेच त्याचे अश्रू. क्रम असा लावला की निकाल आपोआप त्याच्या बाजूनं लागतो. ज्यांनी ते सोसलं, त्यांच्यावर भाग संपवला असता तर?

आणि तो टॅबलेट. दिग्दर्शक जेसन हेहिर जॉर्डनच्या हातात टॅबलेट देतात, त्यावर दुसऱ्याची मुलाखत. प्रतिस्पर्धी सिॲटल संघाचा गॅरी पेटन सांगतोय, १९९६ च्या अंतिम फेरीत मी त्याला कसा दमवला. जॉर्डन बघतो आणि खळखळून हसतो. आपणही हसतो. पण पेटन त्याला अडवायला उभा राहिल्यावर सिॲटलनं लागोपाठ दोन सामने जिंकले होते! बुल्स ३-० नं पुढे होते, मालिका त्यांनीच जिंकली, हे खरं. तरी पेटनचं म्हणणं हसण्यावारी नेण्याइतकं पोकळ नव्हतं. जॉर्डनचं ते हसू दाखवून पेटनला ‘आता तू बोल’ असं कुणी विचारलेलं आपल्याला दिसत नाही. शेवटचा शब्द प्रत्येक वेळी एकाचाच.

सगळ्यात जास्त जीव तुटला तो जेरी क्रॉस यांच्यासाठी. बुल्सचे जनरल मॅनेजर. १९८७ मध्ये स्कॉटी पिपेनला त्यांनी मिळवला, फिल जॅक्सनना प्रशिक्षक केलं, टोनी कुकोचला युरोपातून आणलं, डेनिस रॉडमनला घेतलं. संघ त्यांनी बांधला आणि मालिकेत खलनायकही तेच. त्यांच्या उंचीवर, वजनावर जॉर्डननं केलेली चेष्टा आपल्याला दिसते. क्रॉस २०१७ मध्येच वारले. जुन्या फुटेजमध्ये आहेत, पण उत्तर द्यायला नाहीत. मेलेल्या माणसाची बाजू मांडायची जबाबदारी दुप्पट असते, असं मी मानते.

पिपेनचंही तसंच. १९९४ च्या न्यूयॉर्कविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या १.८ सेकंदांसाठी तो मैदानात उतरला नाही, कारण शेवटचा फटका कुकोचला दिला होता. ते सविस्तर येतं. त्यावर मत देणारा जॉर्डन त्या वर्षी संघातच नव्हता, बेसबॉल खेळत होता. क्रेग हॉजेस, १९९१ आणि १९९२ च्या विजेत्या संघातला, व्हाइट हाउसमध्ये दाशिकी (आफ्रिकी पद्धतीचा सैल सदरा) घालून गेलेला आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी पत्र नेलेला, त्याची मुलाखतच नाही. जॉर्डनची पहिली पत्नी वानिटा, तीही नाही.

याचं कारण उघड आहे. ते चित्रण १९९७ मध्ये सुरू झालं तेव्हाच ठरलं होतं की जॉर्डनच्या संमतीशिवाय ते वापरायचं नाही. कार्यकारी निर्मात्यांमध्ये कर्टिस पोल्क आणि एस्टी पोर्टनॉय, म्हणजे त्याचा व्यवसाय सांभाळणारी माणसं. माहितीपटकार केन बर्न्स यांनी मालिका आली तेव्हाच म्हटलं होतं की पत्रकारिता अशी होत नसते.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या असामीच्या पंचाहत्तरीचा गौरवपट माझ्याकडे आला. त्यात एका जुन्या कामगाराचा चाळीस मिनिटांचा बाइट होता. संपाच्या दिवसांबद्दल बोलला होता, शिव्याशाप न देता, तारीखवार. साहेबांचे चिरंजीव माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘ताई, हे कशाला? बाबांना वाईट वाटेल.’’ मी टाइमलाइनवरून ती पट्टी काढली. पैसे त्यांचे होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या काकांचा फोन आला, ‘‘माझं किती वाजता दाखवणार? नातवंडांना घेऊन येतोय.’’ मला सांगता आलं नाही. ती फाइल माझ्या हार्डडिस्कवर अजून आहे.

मालिका पाहा, खेळासाठी जरूर पाहा. १९९८ च्या सहाव्या सामन्यातला युटाविरुद्धचा तो शेवटचा फटका बघून आजही अंगावर काटा येतो. मात्र दहावा भाग संपला की पिपेनचं २०२१ मधलं आत्मचरित्र हाती घ्या. ‘अनगार्डेड’ नाव. तो या मालिकेवर किती चिडलाय ते त्यात त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.