लांबलेला ताप: एमडी मेडिसिन की संसर्गरोगतज्ज्ञ?

डेंग्यू, टायफॉइड, मलेरियासाठी जवळचे एमडी मेडिसिन डॉक्टर पुरेसे. लवकर भेटतात, तुमची शुगर-बीपीही त्यांना ठाऊक असते. पण ताप तीन आठवडे हटत नसेल, कल्चर रिपोर्टमध्ये (रक्त-लघवीतले जंतू वाढवून केलेली तपासणी) बहुतेक अँटिबायोटिकपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट (ते औषध त्या जंतूंवर चालत नाही), छापून आलं असेल किंवा पेशंटचं किडनी ट्रान्सप्लांट झालं असेल, तर संसर्गरोगतज्ज्ञच गाठा. त्यासाठी बहुधा मुंबई-पुण्याचं मोठं रुग्णालय गाठावं लागतं. लागू दे.

पाटी मात्र नीट वाचा. एमडीनंतर तीन वर्षं इन्फेक्शियस डिसीजेसमध्ये डीएम किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटी पदवी करणं वेगळं आणि काही महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स वेगळा. काही ज्येष्ठ तज्ज्ञ परदेशातून फेलोशिप करून आलेत, कारण आपल्याकडे हे अभ्यासक्रम उशिरा सुरू झाले. प्रिस्क्रिप्शनवरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाका. नाव आणि पदवी जुळते का, पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण झालंय का, बघा. गुगलवरचे पाच स्टार यातलं काहीच सांगत नाहीत.

मी आधी एमडींकडेच जाईन. पुढे जायची वेळ आली, तर त्यांची चिठ्ठी, सगळे रिपोर्ट आणि घेतलेल्या अँटिबायोटिकची तारीखवार यादी सोबत नेईन.