ट्यूलिप की चिंतामणी? तुर्की टाइल निवडण्याआधी

इस्तंबूलच्या दुकानात शेकडो टाइल्स समोर आल्या की बहुतेकजण रंग बघून उचलतात. नक्षीचा अर्थ बघून घ्यायची असेल, तर माझ्या मते खरी चुरस ट्यूलिप आणि चिंतामणी यांच्यात आहे.

ट्यूलिपला तुर्कीत ‘लाले’ म्हणतात. अरबी लिपीत ‘लाले’ आणि ‘अल्लाह’ हे शब्द त्याच अक्षरांचे, त्यामुळे फुलाला भक्तीचा अर्थ चिकटला. सोळाव्या शतकाच्या मध्यात ऑटोमन (तुर्की साम्राज्याच्या) दरबारातला चित्रकार कारा मेमी याने ट्यूलिप, कार्नेशन, गुलाब, हायसिंथ अशी बागेतली ओळखीची फुलं नक्षीत रुळवली. ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने बांधलेल्या इस्तंबूलच्या रुस्तेम पाशा मशिदीत या ट्यूलिपचे इतके प्रकार आहेत की मान दुखेपर्यंत बघत राहावं. पाकळ्या मात्र लांब, टोकदार. हॉलंडच्या गुबगुबीत ट्यूलिपची अपेक्षा ठेवू नका.

चिंतामणी म्हणजे तीन गोळे आणि जोडीला लाटांसारख्या दोन रेषा. नाव संस्कृत, उगम बौद्ध परंपरेत मानला जातो. ऑटोमन दरबारात मात्र त्यात बिबट्याचे ठिपके आणि वाघाचे पट्टे पाहिले गेले. पराक्रमाची ही खूण सुलतानांच्या कफ्तानांवरही (लांब झग्यांवर) झळकली.

एकच टाइल फ्रेम करून लावणार असाल तर चिंतामणी घ्या, खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ती ठसते. स्वयंपाकघराची अख्खी भिंत मढवायची तर ट्यूलिप. तिथे चिंतामणी डोळ्यांवर येते.

या दोघींखेरीज, साझ नावाच्या ऑटोमन नक्षीशैलीतली लांब, दातेरी, वळसे घेणारी पानंही सुंदरच, पण त्यांना जागा हवी. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सुंता-कक्षाच्या भिंतीवर अशा पानांचे निळे-पांढरे फलक आहेत, उंची सुमारे सव्वा मीटर. हातभर टाइलवर ती पानं गुदमरतात. सरूचं झाड (कोकणातला सुरू नव्हे) सदाहरित म्हणून चिरंतनाचं प्रतीक, पण तुर्कस्तानात ते कब्रस्तानांतही लावतात. नव्या घराच्या वास्तुशांतीला भेट द्यायची असेल तर एवढं लक्षात असू द्या.

नक्षी कुठलीही ठरो, लाल रंगावरून बोट फिरवा. इझनिक या टाइल्ससाठी नावाजलेल्या तुर्की गावाच्या जुन्या पद्धतीत हा लाल मातीचा थर जाड बसतो आणि झिलईखालीही किंचित उंच लागतो. छापील टाइलवर सगळे रंग एका पातळीत असतात. क्वार्ट्झची (गारगोटीची) इझनिक टाइल कुताह्या या दुसऱ्या तुर्की टाइल-केंद्रातल्या नेहमीच्या टाइलपेक्षा बरीच महाग पडते, म्हणून पैसे मोजण्याआधी ही खात्री कराच.